सतराव्या घरात तू कसा आलास?

जंप म्हणजे गेलास तो गेलास. कॉल म्हणजे जा, काम उरक आणि जिथून निघालास तिथं परत ये. रेनपाय नावाच्या भाषेत गोष्टीचा प्रवाह वळवायला या दोन आज्ञा आहेत. कॉल करताना परतीचा पत्ता टिपून ठेवला जातो, जंप करताना ठेवला जात नाही, एवढाच दोघींत फरक. पायथॉनवर उभी असलेली ही भाषा टॉम रॉथमेल यांनी २००४ मध्ये लोकांसमोर आणली. चित्रं, संवाद आणि खेळणाऱ्यानं निवडायचे फाटे असे खेळ तिच्यात लिहितात. माझी भाची तिच्यात निवृत्तिनाथांवर एक खेळ लिहिते आहे. मामा मला मदत करतात, असं ती सगळ्यांना सांगते. खरं तर मी वाद घालतो.

या भानगडीतला माझा अधिकार इतकाच, की सातपूरच्या एमआयडीसीत माझं आयुष्य सीएनसी मशीनचे प्रोग्राम लिहिण्यात गेलं. फॅनुकच्या कंट्रोलरवर कॉलला एम९८ म्हणतात आणि रिटर्नला एम९९. अट घालायची तर इफ आणि गोटू, फेरे घालायचे तर व्हाइल. तिच्याकडे पडद्यावर पात्रं बोलतात, आमच्याकडे पोलाद कापलं जातं. आतली रचना तीच. तिच्या खेळात मात्र रोलबॅक असतो. माउसचं चाक मागं फिरवलं की आधीचा फाटा परत समोर. आमच्याकडे टूल जॉबमध्ये घुसलं की घुसलं. म्हणून नवा प्रोग्राम आम्ही सिंगल ब्लॉकवर चालवायचो. एक ओळ, मग सायकल स्टार्ट, मग पुढची ओळ, आणि हात सगळा वेळ लाल बटणापाशी.

तर जंप आणि कॉल. भाचीनं फरक सांगितला आणि मला निवृत्तिनाथांचे वडील विठ्ठलपंत आठवले. संन्यास ही जंप आहे. घर, बायको, नाव, शिखासूत्र सोडायचं; परतीचा पत्ता टिपून ठेवायचा नाही, हीच तर त्या आश्रमाची अट. विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. पुढं गुरूंची आळंदीला रुक्मिणीबाईंशी गाठ पडली, सगळा प्रकार कळला आणि त्यांनी शिष्याला आज्ञा केली, परत जा, संसार कर. म्हणजे केलेली जंप गुरूनं मागाहून कॉल ठरवली. रिटर्न आला, पण गावाच्या हिशेबात तो पत्ता कधीच पुसून झाला होता. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चारही मुलं त्यानंतरची. संन्याशाची पोरं. त्यांच्या मुंजी कुणी लावायला तयार होईना.

भाचीला हा प्रसंग पाच मिनिटांत उरकायचा होता. मी म्हटलं, इथं थांब, तुझ्या खेळाचा सगळा प्रश्न इथं आहे. पण तिला वाघ आधी हवा होता.

वाघाची गोष्ट त्र्यंबक रस्त्यावर राहणाऱ्याला सांगावी लागत नाही. पौष वद्य एकादशीच्या आधी दिंड्या आमच्या सातपूरवरूनच त्र्यंबकेश्वराला निवृत्तिनाथांच्या समाधीकडं जातात. कंपनीच्या गेटावर चहा-फराळ वाटण्यात आमच्या पहिल्या पाळीचा अर्धा दिवस जायचा, आणि टाळ-मृदंग ऐकत पपया नर्सरीच्या पुढंपर्यंत चालत जाणारे ऑपरेटर उशिरा पंच करायचे. परंपरा सांगते ती अशी: विठ्ठलपंत सगळ्या कुटुंबासह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होते. वाटेत वाघ आला. पळापळीत थोरला निवृत्ती चुकला आणि एका गुहेत शिरला. तिथं गहिनीनाथ बसले होते. त्यांनी त्याला उपदेश केला, त्यानं पुढं तो ज्ञानदेवांना केला, आणि बाकीचं महाराष्ट्राला ठाऊक आहे.

प्रदक्षिणा हा सरळ सरळ व्हाइलचा फेरा. आता रेनपायची एक गंमत भाचीनं दाखवली. तिच्यातल्या व्हाइलला ब्रेक ही आज्ञाच नाही. इतर भाषांत फेरा मधेच तोडायला ती असते. इथं बाहेर पडायचं तर फेऱ्यातूनच दुसऱ्या लेबलावर, म्हणजे प्रोग्राममधल्या नाव दिलेल्या जागेवर, जंप मारावी लागते. तिनं लिहिलंही तसंच: प्रदक्षिणा चालू आहे, कवड्या पडतात, ठरावीक दान पडलं की वाघ, आणि वाघ आला की गुहेच्या लेबलावर जंप. पण त्याच गुहेत पोचायला तिनं दुसरीही वाट ठेवली होती. खेळणाऱ्यापुढं फाटा येतो, वडिलांचा हात धरून राहायचं की आवाजाच्या दिशेनं जायचं. दुसरा पर्याय निवडला तरी गुहा. आणि तिसरी वाट म्हणजे नुसतं सांडणं. रेनपायमध्ये एखाद्या लेबलाखाली शेवटी जंपही नाही आणि रिटर्नही नाही असं राहिलं, तर प्रवाह आपोआप फायलीतल्या खालच्या लेबलात शिरतो. माझ्या मते माणसाचं बहुतेक आयुष्य या तिसऱ्या प्रकारचं असतं, पण ते असो.

गुहेत तीन वाटांनी येता येतं. आणि गुहेत गहिनीनाथांच्या तोंडी भाचीनं वाक्य घातलं होतं: "बाळ, तुझ्या पूर्वपुण्याईनं तू इथं आलास."

मी विचारलं, "हे तुझ्या प्रोग्रामला कसं कळलं?"

कळलं नव्हतं. लेबलावर उभ्या असलेल्या प्रोग्रामला आपण कुठल्या वाटेनं आलो हे ठाऊक नसतं. कॉल केला असता तर निदान परतीचा पत्ता तरी मिळाला असता. जंपमागं काहीच उरत नाही. वाघानं पळवलं म्हणून आला, स्वतः निवडून आला, की वरच्या लेबलातून सांडत आला, तिन्ही निवृत्ती गुहेत अगदी सारखे. हवं असेल तर आधीच, जंप मारण्यापूर्वी, कुठल्यातरी व्हेरिएबलमध्ये नोंद करून ठेवावी लागते. नोंद नसेल तर पुण्याई हे नुसतं संवादातलं वाक्य.

एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं मार्च १९६८ मध्ये एका नियतकालिकाला पत्र लिहून गोटूवर, म्हणजे जंपवरच, हल्ला चढवला, तो साधारण याच मुद्द्यावर. गोटू सुटी सोडली की प्रोग्राम आत्ता कुठल्या ओळीवर आहे एवढ्यावरून तो काय काय करून तिथं आला हे सांगणं अशक्य होऊन बसतं. शॉपफ्लोअरवर आम्हाला हे डायक्स्ट्रा न वाचताच कळायचं. रात्रपाळीनं मशीन मधेच थांबवून ठेवलेलं असायचं. पडद्यावर ओळ दिसते एन२०, आणि एन२० वर चार ठिकाणांहून गोटू येतात. पहिल्या पासात आहे की शेवटच्या? अनुभवी सेटर अशा वेळी पडद्याकडं बघून अंदाज बांधत नाही. तो जॉब मोजतो.

इथून माझं आणि भाचीचं मोक्षपटावर जुंपलं. तिच्या खेळाच्या मध्यात मोक्षपट आहे, आजच्या सापशिडीचा पूर्वज. तो ज्ञानेश्वरांनी रचला असं आपल्याकडं सांगतात. या गोष्टीवर माझा फारसा भर नाही, कारण असे पट जैनांकडं चौऱ्याऐंशी घरांचे, वैष्णवांकडं बहात्तर घरांचे आणि सुफींकडंही सापडतात, आणि आज हाती असलेले बहुतेक ज्ञानेश्वरांच्या पुष्कळ नंतरचे आहेत. पण खेळ भावंडांच्या गोष्टीत शोभतो, म्हणून राहू दिला. घरांना नावं आहेत: क्रोध, मत्सर, दया, सत्संग. सापाच्या तोंडी पडलं की खाली, शिडी लागली की वर, शेवटी वैकुंठ. दान कवड्यांचं.

भाचीनं आखलेल्या पटावर सतराव्या घरात एका मोठ्या सापाची शेपटी येते. तिथं आलं की पडद्यावर यायचं: तुझ्या क्रोधानं तू इथं आलास. पण खालून सरळ चालत, कवड्यांच्या दानानं चार घरं पुढं येऊनही सतराव्यावर पोचता येतं. तो माणूस तर चढतो आहे! त्यालाही हेच वाक्य दिसायचं. तिनं ते दुरुस्त करायला एक व्हेरिएबल घातला. मला दुरुस्ती नको होती. मला तो प्रकार तसाच दाखवून लोकांना विचारायचं होतं, की रोजच्या व्यवहारात आपण याहून वेगळं काय करतो? कुणाला अपघात झाला, मूल अपंग जन्मलं, धंदा बुडाला, की माणूस कुठल्या घरात उभा आहे ते बघून आपण त्याची मागची वाट सांगून मोकळे होतो. भोग आहेत रे त्याचे.

मी कर्म मानतो. ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की म्हातारा नास्तिक झाला. जे करू त्याचं काहीतरी होतं आणि ते आपल्याला किंवा दुसऱ्याला भोगावं लागतं, हे मला सायकल स्टार्ट दाबण्याइतकं उघड दिसतं. पण हा नियम पुढं वाचायचा आहे. पेरलं तर उगवेल, एवढंच त्यातून निघतं. शेतात उगवलेलं बघून कुणी, कधी आणि कशासाठी पेरलं हे निघत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. पाचांतला एकच कर्ता. फळ एक दिसतं. त्यातून पाच आकडे वेगळे काढून दाखवणारा गणिती मला अजून भेटायचा आहे.

आणि आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हतं असंही नाही. नाहीतर चित्रगुप्त कशाला लागला असता? माणूस कुठं उभा आहे यावरून त्याचं पाप-पुण्य कळत असतं, तर यमाला नुसतं बघून निकाल देता आला असता. कारकून नेमावा लागला, कारण नोंद वेगळी ठेवावीच लागते. ती वही यमलोकात आहे. आळंदीच्या ब्रह्मवृंदाकडं नव्हती, आपल्या सोसायटीच्या वॉचमनजवळ बसणाऱ्या मंडळींकडंही नाही. ब्रह्मवृंदानं वही न बघता निकाल दिला. परंपरेनुसार विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंना देहान्त प्रायश्चित्त, आणि मुलांना पैठणच्या पंडितांकडून शुद्धिपत्र आणायची पायपीट. बापाचं काय ते निदान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. मुलांची तर एकही चाल अजून झाली नव्हती.

हे सगळं मी माझ्या मित्रापुढं मांडलं. तो कैक वर्षं माझ्या शेजारच्या व्हीएमसी मशीनवर होता, राहायला अशोकनगरात. बाबासाहेब आंबेडकरांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्याच्या घरात नुसतं फोटोखाली ठेवलेलं नाही, पानं मुडपलेलं आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझ्या पटावर सगळे पहिल्या घरातून सुरू करतात ना? असं कुठं बघितलंस तू?"

मग त्यानं चोखोबांचं नाव काढलं. चोखोबांच्या गाथ्यात असा एक अभंग आहे, ज्यात आपल्या महार जातीतल्या जन्माचं कारण ते मागच्या जन्मी केलेल्या कृष्णनिंदेत शोधतात. मित्र म्हणाला, "तू म्हणतोस की दुसऱ्यानं मागं वाचू नये. इथं तर ज्याला खाली ठेवलंय त्यालाच मागं वाचायला शिकवलं. त्याच्याकडं कुठं वही होती? तरी त्यानं स्वतःचा गुन्हा शोधून काढला." मंगळवेढ्यात गावकूस बांधताना भिंत अंगावर पडून चोखोबा गेले, १३३८ मध्ये. त्या भिंतीखालीही कुणी पूर्वकर्म काढलंच असेल.

यावर माझ्याकडं आजही धड उत्तर नाही. विटाळ कुणाला नाही, असं विचारणारे चोखोबाही त्याच गाथ्यात आहेत, हे मी म्हणालो. तो म्हणाला, आहेत, पण म्हणून पहिला अभंग पुसला जात नाही.

बाबासाहेबांच्या त्या ग्रंथात, जो १९५७ मध्ये त्यांच्या पश्चात आला, कर्माचा नियम आणि मागच्या जन्मीच्या कर्मानं आजची स्थिती ठरते हे मत, या दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या काढल्या आहेत. पहिली ते बुद्धाची म्हणून स्वीकारतात. दुसरी नाकारतात, आणि असं मत कुणाच्या सोयीचं, हेही विचारतात: दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता येते. मी मशीनच्या वाटेनं जिथवर आलो तिथून हे फार लांब नाही. मित्राचं म्हणणं पडलं, लांब आहे. तू अजून पाचशेचे व्हेरिएबल मानतोस.

हे पाचशेचं प्रकरण आमचं जुनं. फॅनुकमध्ये शंभरच्या घरातले व्हेरिएबल वीज गेली की पुसले जातात. पाचशेच्या घरातले राहतात, मशीन महिनाभर बंद असलं तरी. रेनपायमध्येही अशी सोय आहे: खेळ संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केला तरी टिकणारी माहिती वेगळ्या कप्प्यात राहते, पर्सिस्टंट म्हणतात तिला. मी तरुणपणी म्हणायचो, बघ, हेच संचित. मित्र तेव्हाही हसायचा. पण आता त्याच व्हेरिएबलकडं बघून मी त्याच्या बाजूला थोडा सरकलो आहे. सकाळी पाळीवर आलं की पाचशे एकमध्ये एक आकडा दिसतो. तो टूल झिजलं म्हणून घातला, रात्रीच्या सेटरनं चुकून घातला, की आधीच्या जॉबचा तसाच राहिला? आकड्यावर नाव लिहिलेलं नसतं. संचित असलंच तर तेही असंच असणार: परिणाम करणारं, पण कुणाचं आणि कशाबद्दल हे न सांगणारं.

काळाराम मंदिराचा प्रसंग खेळात घ्यावा की नाही, यावर तिघांची तीन मतं झाली. २ मार्च १९३० ला मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारखी नाशिकची माणसं पुढं होती, आणि तो वर्षानुवर्षं चालला. दाराशी असलेली अट भाचीनं एका ओळीत लिहून दाखवली: इफ, मग जन्म, मग दोन फाटे. त्या अटीत माणसानं काय केलं याचा व्हेरिएबलच नव्हता. निवडीचा मेनू येण्याआधीच फाटा ठरलेला. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात, आमच्याच जिल्ह्यात, बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मणं हातात नव्हतं, तसं मरणं मात्र होणार नाही. मित्र म्हणाला, "तुमच्या त्या भाषेत ब्रेक नाही ना? मग ही जंप लिही. वाघ न येता मारलेली." २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात ती पुरी झाली.

निवृत्तिनाथांच्या खेळात १९३० कसं बसणार, ही भाचीची अडचण रास्त आहे. मी घ्यावं म्हणतो. पट एकच आहे.

सतराव्या घरातलं वाक्य तिनं शेवटी काढलं. व्हेरिएबलही काढला. आता तिथं नुसतं घराचं नाव येतं आणि कवड्या टाका असं बटण. गहिनीनाथ पुण्याईबद्दल काही बोलत नाहीत. "ये, बस," म्हणतात. रोलबॅक तिनं ठेवला आहे, पण रेनपायच्या स्वतःच्या कवड्या वापरून, म्हणजे मागं जाऊन पुन्हा टाकल्या तरी तेच दान पडतं. हा बारकावा मला फार आवडला. मित्राला आवडला नाही, दैववाद म्हणाला.

राहिलं वैकुंठ. शेवटच्या घरात पोचल्यावर काय करायचं, यावर गेले काही रविवार चालले आहेत. रेनपायमध्ये परतीचा एकही पत्ता शिल्लक नसताना रिटर्न लिहिला, की खेळ संपून मुख्य मेनू येतो, आणि तिथं पहिलंच बटण असतं सुरू करा. मोक्षानंतर सुरू करा? मी म्हटलं, आधी पर्सिस्टंट कप्पा पुसून टाक, सगळं संचित जळालं पाहिजे. तिनं करून दाखवलं. कप्पा पुसला, मेनू आला, आणि तो पडदा खेळ नुकताच डाउनलोड करून पहिल्यांदा उघडणाऱ्याच्या पडद्याशी तंतोतंत जुळला. आता मुक्त झालेला कोण आणि अजून सुरूच न केलेला कोण, हे पडद्यावरून कुणालाच सांगता येईना.

"तुझंच म्हणणं खरं ठरलं की," मित्र म्हणाला. "मागं वाचता येत नाही."

मग मी सुचवलं, मेनू नकोच. शेवटच्या घरात पोचला की प्रोग्राम सरळ बंद होऊ दे.

"मामा," भाची म्हणाली, "लोकांना वाटेल गेम क्रॅश झाला."